पाच नंबरवरची हाक

सुकन्या जायभायसारखी लिबेरो आमच्या कॉलेजला त्याआधी मिळाली नव्हती आणि नंतरही मिळालेली नाही. लिबेरो म्हणजे वेगळ्या रंगाची जर्सी घालून फक्त मागच्या ओळीत खेळणारी, पडता बॉल उचलणारी पोरगी. सुकन्या कुठलाही बॉल उचलायची. स्मॅश छातीवर आला तरी उचलायची, कोर्टच्या बाहेर गेला तरी त्याच्यामागे धावत जाऊन परत आणायची. खोट एकच होती. तिला तोंड नव्हतं. म्हणजे जेवायला होतं आणि चांगलं होतं, मेसच्या मावशी तिच्यासाठी वेगळ्या चार भाकरी थापायच्या. पण ग्राउंडवर ते उघडायचं नाही.

व्हॉलीबॉलमध्ये न बोलणारी पोरगी म्हणजे बिनहॉर्नचा ट्रक. दोघींच्या मध्ये बॉल आला की जिला तो घ्यायचाय तिने 'माझा!' म्हणून ओरडायचं आणि दुसरीने बाजूला व्हायचं, हा साधा नियम. सुकन्या ओरडायची नाही. वर आपण ओरडलो तरी बाजूला व्हायची नाही. पहिल्या आठवड्यात तिचं डोकं माझ्या हनुवटीवर दोनदा आदळलं. दुसऱ्यांदा माझी जीभ दाताखाली आली, तेव्हा मी तिला जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मी आरती. तेव्हा शेवटच्या वर्षाला होते, टीमची कॅप्टन होते, आणि माझ्या तोंडाला सगळं होस्टेल वचकून असायचं. ही गोष्ट दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमधली. सप्टेंबरात झोनच्या स्पर्धा असायच्या, त्याआधी महिनाभर आमचा सराव. सकाळी सहाला धावणं आणि व्यायाम, संध्याकाळी पाचला खेळ. जामखेडला ऑगस्टमध्ये पावसापेक्षा वारा जास्त. आमचे ग्राउंडवाले गहिनीनाथमामा रोज चार वाजता मागच्या विहिरीवरची मोटार चालू करून ग्राउंड भिजवायचे आणि मग फक्कीने पांढऱ्या रेघा मारायचे. ही विहीर कोर्टच्या मागच्या डाव्या कोपऱ्यापासून वीस-पंचवीस पावलांवर होती. कठडा नाही, जमिनीच्या पातळीला तोंड आणि त्यावर लोखंडी जाळी. कोर्टच्या त्या कोपऱ्याला आम्ही पाच नंबर म्हणतो. ती सुकन्याची जागा. मी तिच्या शेजारी, मागे मधोमध.

आमच्या क्रीडाशिक्षिका राजेश्वरी मॅडम स्वतः राज्य पातळीवर खेळलेल्या. त्यांनी माझी सुजलेली जीभ बघितली आणि सुकन्याला पुढे बोलावलं.

"जायभाय, बॉल उचलतेस, मान्य. पण मुकी पोरगी मला टीममध्ये नको. एखादीचं डोकं फुटेल. शेवटच्या शनिवारी नगरची टीम सरावाच्या मॅचला येतेय. त्या दिवशी मला तुझा आवाज ऐकू आला पाहिजे. आला तर बारा जणींत तुझं नाव, नाही आला तर नाही."

सुकन्याने मान हलवली. बाकीच्या आम्हा पोरींना त्या यादीचं अप्रूप होतं ते जर्सीपुरतं. तिचं तसं नव्हतं. होस्टेलची खोली तिला खेळाडू म्हणून मिळाली होती. यादीत नाव नसेल तर खोली नाही, आणि खोली नसेल तर कॉलेज नाही. तिचे आईवडील दर दसऱ्याला ऊसतोडीला जायचे. वडिलांनी, म्हणजे बिभीषणकाकांनी, सांगून ठेवलं होतं की टीममध्ये घेतलं तर शीक, नाहीतर यंदापासून आमच्याबरोबर चल.

"फडात मला जायचं न्हाई, ताई," ती मला एकदा कपडे वाळत घालताना म्हणाली होती. तोडणी चालू असलेल्या उसाच्या शेताला फड म्हणतात. मला वाटलं, कष्टाला भिते. कोण भिणार नाही? मी तिला म्हटलं, मग ओरड की बाई, त्याला काय पैसे पडतात का!

दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी आम्ही सर्व्हिस घ्यायचा सराव करत होतो. लख्ख उजेड होता. आमच्या टीममधल्या संस्कृतीने पलीकडून सर्व्हिस टाकली, बॉल माझ्या आणि सुकन्याच्या बरोबर मध्ये आला. मी हात जोडले आणि तेवढ्यात डावीकडून स्वच्छ हाक आली. "माझा!" मी बाजूला झाले. बॉल धप्पकन जमिनीवर पडला. सुकन्या जागची हलली नव्हती.

"अगं, ओरडलीस ना? मग घे की!"

"मी न्हाई वरडले."

"मग काय मी ओरडले?"

ती मागे वळून आपल्याच कोपऱ्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं की तो आवाज बारीक होता. सुकन्याचा आवाज घोगरा, बायकी. हा आठ-नऊ वर्षांच्या पोरीचा होता, आणि त्यात लपंडावात राज्य सुटल्यावर असतो तसा आनंद होता.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही. माझे वडील शाळेत विज्ञान शिकवायचे. मी म्हटलं, भिंतीपलीकडे वस्तीवरची पोरं खेळत असतील. पण दोन दिवसांनी परत तेच झालं आणि मग रोज होऊ लागलं. बॉल पाच नंबरच्या बाजूला उंच आला की हाक यायची. एकदाच यायची, दुसऱ्यांदा कधीच नाही. संस्कृतीने ऐकली, इतर पोरींनीही ऐकली. त्या आपल्या सुकन्यालाच शिव्या द्यायच्या की बया ओरडते आणि सोडून देते. मॅडम लांब नेटपाशी उभ्या असायच्या, त्यांना वाऱ्यात काही कळायचं नाही. मला मात्र कळायचं, कारण मी तिच्या शेजारी होते आणि तिचे ओठ मिटलेले असायचे.

एक दिवस गहिनीनाथमामा तणतणत आले. "आरती, कुनाचं बारकं पोर सोडता गं तुमी कोर्टवर? मी फक्की मारून वळतो न वळतो तोवर पाच नंबरची रेघ मोडल्याली असती."

मी जाऊन पाहिलं. ओल्या मुरमात, पांढऱ्या रेघेवर, एकच पाऊल उमटलेलं होतं. माझ्या तळहाताएवढं, अनवाणी, बोटं कोर्टच्या आत वळलेली. येतानाचं दुसरं पाऊल नाही, जातानाचंही नाही. मी बुटाने ते पुसून टाकलं आणि कुणाला काही सांगितलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मला पाच नंबरकडे पाठ करून उभं राहवेना.

रविवारी दुपारी सराव नव्हता. मी सुकन्याला गाठलं. ती पायऱ्यांवर बसून बुटाची लेस ओवत होती. म्हटलं, आता काय आहे ते सांग, नाहीतर मी मॅडमना सांगते. तिने बराच वेळ लेस ओढली, सैल केली, परत ओढली. मग सांगितलं.

सुकन्या सहा वर्षांची असताना फडात आईवडिलांबरोबर असायची. बरोबर तिची थोरली बहीण, रुपाली, नऊ वर्षांची. उसात माणसाला माणूस दिसत नाही, सगळा कारभार हाकांवर. म्हणून त्यांच्या टोळीत एक रीत होती आणि ती पाळण्यातल्या पोरालाही शिकवायचे. हाक मारायची ती दोनदा. एकदाच हाक आली तर ओ द्यायची नाही आणि पाऊल उचलायचं नाही. कारण माणूस दोनदा हाक मारतो. जे एकदाच हाक मारतं ते माणूस नसतं.

"आमी बांधावर बसल्यालो," सुकन्या म्हणाली. "दुपारच्या वक्ताला. उसातनं आईचा आवाज आला, 'रुपे!' एकदाच. अक्का उठली. 'आले!' म्हनली आन् आत शिरली. मला ठावं हुतं एकदाच हाक आलीय ती. मी तिला हाक मारली, 'अक्का!' म्हनून. तिनं वळून बी बगितलं न्हाई."

"मग?"

"मग काय. आई दुसऱ्या टोकाला मोळ्या बांदत हुती, तिनं हाक मारलीच नव्हती. सांजच्याला अक्का घावली. पलीकडच्या हिरीत." ती थांबली. तिने लेस बोटाभोवती गुंडाळली. "ताई, आईची म्हनून ती त्या हाकंला गेली. पन माझ्या हाकंला रीत पाळली तिनं. मी एकदाच मारली ना. दुसऱ्यांदा मारली असती तर थांबली असती ती. दुसऱ्यांदा माझं तोंडच उघडलं न्हाई."

त्यानंतर आईवडिलांनी तिला परत कधी फडात नेलं नाही. गावातल्या हंगामी वसतिगृहात ठेवलं. तिथल्या एका गुरुजींनी दोन बांबूंना जुनी नेट बांधली होती, तिथे ती खेळायला शिकली. पडणारी वस्तू पडू द्यायची नाही, एवढंच तिला जमत होतं असं ती म्हणाली. ओरडणं तिला जमत नव्हतं.

"आन् आता ती वरडती," सुकन्या म्हणाली. "माझ्या जागंवर उबी राहून. मला बोलवती का काय, मला कळत न्हाई. म्या भ्यावं का नगं, ते बी कळत न्हाई."

मला त्या दुपारी रडू आलं, आणि मी सहजासहजी रडणारी नाही. मग मी कॅप्टनला सुचेल तेच केलं. सोमवारी टीमला सांगितलं की आजपासून सगळ्यांनी दोनदा ओरडायचं. 'माझा! माझा!' एकदा ओरडेल तिला ग्राउंडला दहा फेऱ्या. संस्कृती म्हणाली, हा कुठला नियम? मी म्हटलं, माझा.

आणि काय सांगू, गाडी रुळावर आली. आम्ही दोनदा ओरडलो की सुकन्या बिनचूक बाजूला व्हायची. एकदाच हाक आली की सगळ्यांना कळायचं, ही आपली नाही; पोरी म्हणायच्या, भिंतीपलीकडची पोरं असतील. बॉल पडायचा बंद झाला. पोरींना वाटलं, कॅप्टनने काहीतरी भारी युक्ती काढली. पाच नंबरवरची हाक मात्र थांबली नाही. ती यायची, आणि आम्ही तिच्याकडे लक्ष न देता खेळायचो, आणि मला उगाचच अपराधी वाटायचं. घरातल्या एखाद्या पोरीला सगळ्यांनी मिळून वाळीत टाकावं तसं.

सुकन्याचं तोंड तेवढं उघडलं नाही. शुक्रवारपर्यंत मी तिला चिडवून पाहिलं, दरडावून पाहिलं, हात जोडून पाहिले. ती ओठ उघडायची, गळ्याची शीर ताठ व्हायची आणि आवाज बाहेर येत नसे. शुक्रवारी संध्याकाळी तिने खोलीतली पेटी भरून ठेवलेली मी पाहिली.

त्याच शुक्रवारी विहिरीवरची मोटार जळाली. ती वर ओढून काढण्यासाठी जाळी उचलून बाजूला ठेवली गेली. मामांनी तीन बाजूंनी बाभळीच्या फांद्या टाकल्या. चौथी बाजू, कोर्टकडची, मोटार ओढायला मोकळी ठेवली. शनिवारी सकाळी मॅडमनी आम्हाला बजावलं की तिकडे कुणी फिरकायचं नाही.

मॅच दुपारी चारला सुरू झाली. ग्राउंड भिजवलेलं नव्हतं, त्यात वारा सुटलेला, सगळीकडे लाल धुरळा. नगरच्या पोरी उंच आणि खमक्या होत्या. पहिला सेट आम्ही घेतला. दुसऱ्यात त्या चोवीस, आम्ही तेवीस. सुकन्याने त्या दोन सेटमध्ये किती बॉल उचलले त्याची गणती नाही, पण तिचा आवाज मॅडमना अजून ऐकू आला नव्हता. मॅडमच्या हातात यादीचा कागद होता आणि त्या माझ्याकडे बघून मान हलवत होत्या.

त्यांची सर्व्हिस आम्ही घेतली, संस्कृतीचा स्मॅश त्यांनी उचलला आणि परतीचा स्मॅश थेट पाच नंबरवर आला. सुकन्याने हात घातले. बॉल तिच्या मनगटावरून उडाला आणि उंच, मागे, कोर्टच्या बाहेर गेला. सुकन्या वळली आणि त्याच्यामागे धावली. डोळे वर, बॉलवर. बॉलमागे धावणारीला जमीन दिसत नाही, ही गोष्ट मी स्वतः खेळाडू असून त्या क्षणापर्यंत विसरले होते.

पोरी ओरडत होत्या, "सोड! गेला! सोड!" त्या बॉलबद्दल ओरडत होत्या. विहिरीचं उघडं तोंड माझ्याशिवाय कुणाच्या ध्यानात नव्हतं. मला ते दिसत होतं. दहा पावलं, आठ, सहा.

"सुकन्या!"

मी जिवाच्या आकांताने ओरडले. ती थांबली नाही. एका हाकेला ती थांबणार नव्हती, हे मला माहीत होतं, आणि मी दुसऱ्यांदा तोंड उघडलं. तोंडात धुरळा गेला. आवाज निघेना. मला अजून ते आठवलं की घशाला हात जातो. मी नुसती आ वासून उभी होते.

आणि माझ्या शेजारून, दोन हातांवरून, सुकन्याने नुकत्याच रिकाम्या केलेल्या पाच नंबरवरून हाक आली. बारीक आवाजात, लांबवलेली.

"सुकन्याऽऽ!"

ती जागच्या जागी थांबली. तिच्या बुटाच्या पुढे दीड-दोन हात माती होती, त्यापुढे काही नव्हतं. बॉल तिच्या डोळ्यांदेखत खाली आला आणि विहिरीत गेला. पाण्याचा आवाज यायला इतका वेळ लागला की मी श्वास सोडायला विसरले.

मॅडम धावत गेल्या, तिला दंडाला धरून मागे ओढलं. सगळ्या पोरी गोळा झाल्या, कुणी रडत होती, कुणी मामांच्या नावाने बोटं मोडत होती. मी तिकडे गेले नाही. मी पाच नंबरकडे बघत होते. तिथे कुणी नव्हतं. वाऱ्याने फक्कीची रेघ उडत होती.

सुकन्या परत आली. मॅडम म्हणाल्या, बस आता, बाहेर बस. तिने मान हलवून नाही म्हटलं आणि जागेवर जाऊन उभी राहिली. तो पॉइंट गेला होता, म्हणजे सेटही गेला होता. तिसरा सेट सुरू झाला. नगरवाल्यांची पहिलीच सर्व्हिस आमच्या दोघींच्या मध्ये आली.

"माझा! माझा!"

घोगरा, फाटलेला, भसाडा आवाज. भिंतीवरचे कावळे उडाले. मी बाजूला झाले. बॉल तिने असा उचलला की संस्कृतीला नुसता हात लावायचा राहिला. मॅडमनी तिथल्या तिथे खिशातून पेन काढलं.

तो सेट आम्ही हरलो, ते सोडा. रात्री जेवताना संस्कृती म्हणाली, "आरती, दुसऱ्यांदा हाक मारताना तुझा आवाज केवढा बारीक झाला होता गं." मी म्हटलं, घसा सुकला होता. त्यानंतर पाच नंबरवरून कधीही हाक आली नाही. मामांची रेघही मोडली नाही. मी रोज कान देऊन ऐकायचे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी टोळीचे ट्रॅक्टर निघाले. सुकन्याच्या आईवडिलांची ट्रॉली कॉलेजच्या फाटकापाशी पाच मिनिटं थांबली. भांडी, ताडपत्री, शेळी, आणि त्यावर बसलेली माणसं. ट्रॉलीतून तिच्या आईने, लंकाबाईंनी, हाक मारली, "सुकन्या! सुकन्या!" आणि ही "ओ!" म्हणून धावली. मी तिच्यामागून गेले.

लंकाबाई खाली उतरल्या. उन्हाने रापलेली, हाडकुळी बाई. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. तळहात करवतीसारखे खरखरीत होते.

"पोरीनं सांगितलं मला. हिरीच्या तोंडाशी हुती म्हनं. तुमी हाक मारली."

"दोनदा मारली ताईंनी," सुकन्या म्हणाली. "आपल्यासारकी. म्हनून तर थांबले."

लंकाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "दोनदा मारलीत ना बाई? लई उपकार झाले. माझ्या थोरलीच्या येळंला कुनी नव्हतं दुसऱ्यांदा मारायला."

सुकन्याने मान खाली घातली. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. सांगावंसं वाटत होतं की बाई, मी एकदाच मारली. दुसरी तुमच्या थोरलीने मारली. पण ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवत होता, त्यांना सहा महिने त्याच उसात राहायचं होतं, आणि ते ऐकून त्या माउलीने प्रत्येक फडात कान लावला असता.

"हो," मी म्हटलं. "दोनदा मारली."